चावला तर ओढू नका

साहेब पहिल्यांदा माझ्याशी बोलले तेव्हा मी जमिनीपासून पंधरा फूट वर होतो. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. एक प्रेशर गेज बदलायला शिडीवर चढलो होतो आणि कमरेला पट्टा बांधायचा कंटाळा केला होता. खालून अगदी शांत आवाज आला, "बाळा, दोन्ही हातांनी शिडी धर. एकेक पायरी उतर. घाई नाही. खाली आलास की मी तुला शिव्या देणार आहे, पण त्या उभ्या माणसाला द्यायच्या असतात, पडलेल्याला नाही."

मी उतरलो. मग त्यांनी खरोखरच शिव्या दिल्या. नीट, क्रमवार, एकही मुद्दा न वगळता. आणि सगळं संपल्यावर विचारलं, "रविवारी काय करतोस?"

हे आमचे सेफ्टी ऑफिसर. नाव सांगत नाही, कारण कारखान्यात ते कुणी घेतच नसे. सगळे 'सेफ्टीसाहेब' म्हणत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, त्यासुद्धा फोनवर "आमचे सेफ्टी घरात नाहीत" असं बिनदिक्कत सांगत. माणूस बुटका, गोल, केस सगळे पांढरे, आणि खिशाला कायम एक शिट्टी लटकलेली. लग्नाला गेले की वधूवरांना शुभेच्छा द्यायच्या आधी हॉलला बाहेर पडायचे दरवाजे किती आहेत ते मोजून येत. मग केटररच्या मागे जाऊन गॅसच्या नळ्या बघून येत. काकू सांगत की त्यांच्या स्वतःच्या लग्नात यांनी भटजींना कापराची डबी होमापासून लांब ठेवायला लावली होती. "मंगलाष्टकं थांबली होती हो! माझे वडील म्हणाले, मुलगा जरा तऱ्हेवाईक आहे, पण मुलगी सुरक्षित राहील."

रविवारी काही करत नाही, असं मी म्हणालो आणि अडकलो. रविवारी साहेब मासे धरायला जात.

कारखान्यांच्या वरच्या अंगाला, खालापूरच्या बाजूला पाताळगंगेचं एक वळण आहे. तिथे पाणी खोल आणि संथ असतं. मोठमोठे काळे दगड आहेत आणि काठाला जांभळाचं झाड आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर दर रविवारी सकाळी साहेबांची स्कूटर त्या झाडाखाली उभी असे. त्यांना रोहू-कटल्यात काडीचा रस नव्हता. "ते सभ्य मासे," ते म्हणत, "त्यांना धरण्यात काय आहे?" त्यांना हवा असायचा शिवडा.

शिवडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहिला नाही तेच बरं. चपटं डोकं, लांब मिशा, अंगावर एक खवला नाही, आणि तोंड पार डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेलं. ते तोंड उघडलं की आत दातांच्या पट्ट्याच्या पट्ट्या दिसतात. बारीक, किसणीसारखे, शेकड्यांनी, आणि सगळे आतल्या बाजूला वळलेले. आत गेलेलं बाहेर येऊ नये अशीच त्याची रचना. बोट आत गेलं तर सहज जातं. ओढलं की मात्र सोलून निघतं.

साहेबांच्या डाव्या अंगठ्यावर याचा पुरावा होता. फार वर्षांपूर्वी त्यांना एकदा शिवडा चावला होता आणि त्यांनी इतर कुणीही करील तेच केलं, म्हणजे हात ओढला. नऊ टाके पडले. त्या दिवसापासून त्यांचा एकच मंत्र झाला: चावला तर ओढू नका. हात तसाच ठेवा, जमलं तर जरासा आतच ढकला, आणि थांबा. त्यालाही श्वास घ्यायचा असतो, तो तोंड उघडतोच. "सगळे अपघात पहिल्या सेकंदात होत नाहीत रे," ते सांगत, "बरेचसे दुसऱ्या सेकंदात होतात. पहिला सेकंद माशाचा. दुसरा आपला."

हे नुसतं सांगून भागत नसे. त्यांनी घरी एक नकली शिवडा बनवला होता. प्लॅस्टिकच्या पाइपाचा वीतभर तुकडा आणि आत पत्र्याचे मागे वळवलेले दाते. नव्या माणसाने जाड हातमोजा घालून त्यात हात घालायचा. मग साहेब गप्पा मारत मारत, म्हणजे तुमच्या गावाकडे पाऊस कसा आहे वगैरे विचारत, अचानक तोंडातली शिट्टी जोरात फुंकत आणि पाइप हिसडत. हात ओढला की नापास. मी चार रविवार नापास झालो. पाचव्या रविवारी हात जागच्या जागी राहिला तेव्हा त्यांनी माझी पाठ अशी थोपटली की मी दगडावरून घसरलो. मग दगडावर कसं उभं राहावं यावर वेगळं भाषण झालं.

नदीवर भाषण तर दर रविवारचंच होतं. कारखान्यात काम सुरू करायच्या आधी सगळ्यांना गोळा करून दहा मिनिटं धोके समजावून सांगतात, तेच त्यांनी नदीवर आणलं होतं. गळाला आमिष लावायच्या आधी आम्ही ओळीत उभे. ओळ म्हणजे बहुतेक वेळा मी एकटाच.

"धोका काय?"

"दात."

"कुठे?"

"पुढे."

"आपला हात कुठे?"

"मागे. डोक्याच्या मागे."

"मासा मेलाय हे कोण ठरवणार?"

"तुम्ही."

"मी म्हणेपर्यंत तो काय?"

"जिवंत."

मग दहा बोटं पुढे करायची. ते एकेक मोजत. दुपारी निघतानाही तेच. दहा आली, दहा गेली, की दिवस पार पडला.

या भाषणाची एक नेहमीची श्रोती होती. डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली सोनीबाय. वय साठीच्या आसपास, अंगाने काटकुळी. ती दगडांखालच्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढायला यायची आणि आमचं चाललेलं बघत कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"सांगून झाला का रं सायबा?" ती विचारायची.

"झालं."

"माशांनी आयकला का पन?"

साहेब कधीच रागावत नसत. उलट तिच्यापुढे जरा अदबीने वागत, कारण तिच्या हाताला कधी ओरखडाही दिसला नव्हता. ती शिवडा धरायची ते बघण्यासारखं असे. डोक्यामागे पंजा दाबला की तो निमूट, मग काडीने जबडा उचलायचा, गळ फिरवायचा, संपलं. आमच्याकडे त्याच कामाला हातमोजे, ओलं गोणपाट, जबड्यात ठेवायची लाकडी गुल्ली, लांब तोंडाची पक्कड आणि दोन माणसं लागत. साहेबांनी एकदा घड्याळ लावून तिची वेळ मोजली आणि वहीत तिची पद्धत आकृतीसह उतरवून घेतली.

"तुला कधी चावला नाही?" त्यांनी विचारलं.

"चावला ना. ल्हान व्हते तवा. तवापासून मी त्याचे तोंडात हात नाय घालत. त्याला काय हौस हाय?"

साहेबांनी हे वाक्यही वहीत लिहिलं आणि तिला हातमोज्यांची नवी जोडी भेट दिली. ती तिने चुलीवरचा तापलेला टोप उतरवायला ठेवली. त्यावर साहेब इतके खूश झाले की आठवडाभर कारखान्यात सांगत होते, "अगदी योग्य वापर! आपल्या लोकांना सांगून कळत नाही, तिला न सांगता कळलं."

आता त्या पाटीबद्दल सांगायला हवं.

आमच्या कारखान्याच्या गेटवर एक मोठा फळा होता. 'अपघाताविना दिवस' आणि पुढे आकडा. एकदा तो आकडा चांगला मोठा झाला होता आणि त्याच आठवड्यात वरचे बडे साहेब भेटीला येणार होते. हार आले होते, मांडव पडला होता. आदल्या दिवशी एका कंत्राटी कामगाराचं बोट व्हॉल्व्हमध्ये चेमटलं. तीन टाके. मॅनेजर म्हणाले, किरकोळ आहे, याला काय अपघात म्हणायचा? सेफ्टीसाहेब तडक उठले. गेटवर गेले, ओल्या फडक्याने आकडा पुसला आणि तिथे मोठं शून्य काढलं. बड्या साहेबांचं स्वागत त्या शून्याखाली झालं. त्यानंतर साहेबांच्या हाताखालचे लोक मॅनेजर झाले आणि हे होते तिथेच राहिले. कुणी विषय काढला तर म्हणत, "बढती मिळाली असती तर मुंबईला बदली झाली असती. तिथे शिवडे कुठे आहेत?"

पण फळ्याची सवय काही गेली नाही. निवृत्त झाल्यावर ते दहिवलीला राहायला गेले, आणि नदीवरची एक वेगळी छोटी पाटी त्यांनी रंगवून घेतली. 'अपघाताविना रविवार.' ती स्कूटरला बांधून यायची आणि जांभळाला टांगली जायची. दुपारची बोटं मोजून झाली की साहेब खडूने नवा आकडा लिहीत. लिहिताना त्यांची जीभ पहिलीतल्या पोराच्या जिभेसारखी ओठांबाहेर येई. मग दोन पावलं मागे जाऊन ते आकडा बघत. मी त्यांना जितकं आनंदी त्या क्षणी पाहिलंय तितकं एरवी कधीच नाही, आणि ते तर एरवीही आनंदीच असत.

असं करत करत नवव्या वर्षी, जानेवारीत आकडा दोनशे अठ्ठ्याण्णव झाला. साहेबांनी तीनशेव्या रविवारचा बेत जाहीर केला. काकू पहिल्यांदाच नदीवर येणार, आकडा त्यांच्या हातून लिहिला जाणार, कर्जतहून वडे, दहिवलीची जिलबी, आणि सोनीबायला सन्मानाचा नारळ. त्यांना स्वतःला रात्री झोप येत नव्हती म्हणे.

आणि दोनशे नव्व्याण्णवाव्या रविवारी मी माती खाल्ली.

झालं असं की पलीकडच्या काठाला मुंबईहून पिकनिकला आलेली काही मंडळी बाटल्या घेऊन पाण्यात उतरली होती. साहेबांच्या डोळ्यांदेखत असं होणं शक्यच नव्हतं. शिट्टी वाजवत ते पुलावरून तिकडे गेले. इकडे माझ्या गळाला शिवडा लागला. दोनेक किलोचा. मी एकट्याने काढला, गळही सोडवला, याचाच मला केवढा अभिमान! गोणपाटावर तो पडून राहिला, हालचाल नाही, डोळे निस्तेज. वाटलं, फोटो काढावा आणि साहेब परत आले की दाखवावा. हातमोजे घालून मोबाइलच्या पडद्यावर बोट चालत नाही. म्हणून मी मोजे काढले. डाव्या हातात मोबाइल धरला आणि फोटोत दात नीट दिसावेत म्हणून उजव्या हाताच्या बोटाने त्याचा जबडा जरासा उचलला.

मेलेला मासा खटकन मिटला.

पाच रविवार पाइपात हात घालून मिळवलेली विद्या त्या एका सेकंदात वाहून गेली. मी हात ओढला. तर्जनीची कातडी पेरापासून नखापर्यंत सालासारखी निघाली. शिवडा उडी मारून पाण्यात गेला आणि मोबाइल दगडावर पडला. सोनीबाय धावत आली, माझं बोट पाण्यात धरलं, कसलासा पाला चोळला आणि लुगड्याच्या चिंधीने बांधलं.

"साहेबांना सांगू नकोस," मी म्हणालो.

"का रं?"

"पुढच्या रविवारी तीनशे आहेत त्यांचे. माझ्यामुळे सगळं पुसलं जाईल."

तिने चिंधीची गाठ पुन्हा आवळली. "मी नाय सांगायची," म्हणाली. "पन तुजा बोट गप बसंल का?"

बोटं मोजायची वेळ आली तेव्हा चिंधीबद्दल मी सांगितलं, पक्कड लागली. साहेब पिकनिकवाल्यांना यशस्वीपणे पाण्याबाहेर काढून आले होते, स्वारी खुशीत होती. दहा मोजली आणि दोनशे नव्व्याण्णव लिहिलं. आयुष्यात त्यांनी माझ्यावर ठेवलेला तो सर्वांत मोठा विश्वास होता आणि मी तो चिंधीत गुंडाळून घरी आणला.

बोट गप बसलं नाही. बुधवारी ठणका लागला, गुरुवारी सुजलं, शुक्रवारी त्याचा रंग बदलला. डॉक्टरकडे जावं तर मोहोपाड्यातले डॉक्टर साहेबांच्या ओळखीचे, बातमी दहिवलीला पोचायला तास लागला नसता. म्हटलं, एक रविवार जाऊ दे, सोमवारी पहाटेच जाऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकतही नव्हती, इतकं बोट फुगलं होतं.

रविवारी मी उजवा हात जॅकेटच्या खिशात घालून नदीवर पोचलो. काकू ठेवणीतली साडी नेसून, दगडावर सतरंजी घालून बसल्या होत्या. सोनीबाय नातीला घेऊन आली होती. वड्यांचा वास सुटला होता. काकूंना नियम ठाऊक नव्हते. पाटी दिसली, खडू दिसला, त्यांनी उठून सरळ ३०० लिहून टाकलं.

"अगं, आधी बोटं!" साहेब ओरडले. "दिवस व्हायचाय अजून!"

"मग मोजा की. मला जिलबी गार झालेली आवडत नाही."

साहेब हसत माझ्यासमोर आले. "काढ. दहा दाखव."

मी डावा हात पुढे केला.

"ही पाच झाली."

मी सोनीबायकडे पाहिलं. ती जांभळाकडे बघत होती. मी खिशातून हात काढला.

साहेबांनी चिंधी अलगद सोडवली. ते बोट बघून काकूंनी तोंडाला पदर लावला. साहेबांना विचारावं लागलंच नाही. कडेने उमटलेल्या त्या बारीक रेघा त्यांच्या अंगठ्यावरही होत्या. मला वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली आणि मला रडू फुटलं. तीस वर्षांचा माणूस मी, जिलबीच्या खोक्याशेजारी उभा राहून रडलो.

साहेबांनी पाटीशी जाऊन नुसता तीन पुसला. मागे दोन शून्यं उरली. "पहिलं माशाचं," ते म्हणाले, "दुसरं तुझं. लपवलेला अपघात दोनदा होतो." मग स्कूटरची किल्ली काढली. "चल. काकू आणि सोनीबाय, तुम्ही सुरू करा. वडे गार होतील."

"आमी नाय सुरू करत," सोनीबाय म्हणाली. "सगलीच जाव." आणि तिने नातीच्या हातात जिलबीचं खोकं दिलं.

त्यामुळे मोहोपाड्याच्या दवाखान्यात आमची वरातच शिरली. स्कूटरवर आम्ही दोघं, मागून रिक्षात काकू, सोनीबाय, नात, वडे आणि जिलबी. डॉक्टरांनी बोट चिरून पू काढला. आत शिवड्याचा एक दात निघाला, तिळाएवढा. "सोमवारपर्यंत थांबला असतात तर पेर काढावं लागलं असतं," ते म्हणाले. साहेबांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांना घाबरलेलं पाहिलं ते तेवढं एकदाच.

नंतर बाहेरच्या बाकावर आम्ही ओळीने बसलो. मला धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं होतं. कंपाउंडरपासून पेशंटपर्यंत सगळ्यांना जिलबी वाटून झाली होती. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याने कसली जिलबी म्हणून विचारलं, तर सोनीबाय म्हणाली, "याचा बोट वाचला ना, त्याची." आणि काकूंना जे हसू फुटलं ते थांबेचना.

साहेब मात्र रिकामं झालेलं खोकं उलगडून मांडीवर घेऊन बसले होते.

"का लपवलंस?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तुमचे तीनशे झाले असते. काकू येणार होत्या. तुम्ही इतके खूश होतात, माझ्याच्याने सांगवेना."

त्यांनी खोक्यावरचा पाक रुमालाने पुसला. मग खिशातून पेन काढलं आणि खोक्याच्या कोऱ्या बाजूवर रेघा आखल्या. अपघात अहवाल. आयुष्यभर लिहिले तसाच. जखमी, माझं नाव. ठिकाण, पाताळगंगेचा काठ. मासा, शिवडा, अंदाजे दोन किलो, निर्दोष. मी शेजारून वाचत होतो आणि पुढच्या ओळीची वाट बघत होतो. 'अपघाताचं कारण.' तिथे काय येणार ते मला पाठ होतं. हातमोजे काढले. एकट्याने मासा हाताळला. मेला असं गृहीत धरलं. हात ओढला. चारही माझ्याच नावावर, आणि चारही खरी.

साहेबांनी यातलं एकही लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं, 'पाटी.'

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मोजे न घालण्याने बोट फाटतं," ते म्हणाले. "ते आठ दिवसांत भरून येतं. ते आठ दिवस तू लपून बसलास ते माझ्या आकड्यामुळे. गेटवरच्या फळ्यापायी माणसं खोटं बोलतात हे मला कळत होतं, आणि झाडावर तोच फळा मी स्वतःच्या हाताने टांगला. बघ, साठी उलटली तरी शिकतोय."

शेवटची ओळ 'उपाय' अशी होती. तिथे त्यांची जीभ पुन्हा ओठांबाहेर आली. त्यांनी अगदी सुबक अक्षरात लिहिलं: 'पाटी काढून टाकावी. मासे धरणं चालू ठेवावं.'

मग खोकं माझ्या मांडीवर ठेवून सही कर म्हणाले. उजव्या हाताला भलंमोठं बँडेज होतं, म्हणून मी डाव्या हातात पेन घेतलं. सही अशी काही वेडीवाकडी आली की माझं नाव मलाच वाचता येईना. दुसरी करू का, असं मी विचारलं.

साहेबांनी खोकं लांब धरून ती बघितली. "राहू दे," ते म्हणाले. "वाकडी आहे, पण खरी आहे."